जॉर्डनच्या पाण्याचा गाळ

नदीकाठच्या मोठ्या सावरीखाली पाय ठेवायला जागा उरली नव्हती, तरी पलीकडच्या तीरावरून होड्या भरभरून येतच होत्या. शुक्रवारी मशिदीत पहिल्या रांगेत बसणारे आणि रविवारी चर्चच्या मागच्या बाकावर डुलक्या काढणारे, सगळे एकाच चटईवर मांडीला मांडी लावून बसले होते. चमत्कार फुकटात बघायला मिळत असला की तो कोणत्या देवाचा, हे कोणी विचारत नाही.

प्रेषित गिडियन पांढराशुभ्र कोट घालून, हातात भोंगा धरून लाकडी पेटीवर उभे होते. उन्हानं लोकांची काहिली होत होती, पण प्रेषितांच्या अंगावरचा कोट काही उतरत नव्हता.

“हाडात कोण बसलंय?” त्यांनी विचारलं.

“इबोला,” गर्दी म्हणाली.

“आणि इस्पितळवाले काय म्हणाले होते?”

“गेली म्हणाले.”

“गेली म्हणाले. साबण दिला, चादर दिली, जा म्हणाले घरी, बरी झालीस. मग ही माउली रात्रभर कण्हते कशाला? हा बाबा डोळ्यावर फडकं बांधून अंधारात का बसतो? अरे लेकरांनो, नागीण मेली, पिल्लू राहिलं. हाडाच्या पोकळीत वेटोळं घालून बसलंय. डॉक्टरची सुई तिथवर पोचत नाही. तिथं पोचतं फक्त जॉर्डनचं पाणी.”

जॉर्डन नदी तिथून किती देश पलीकडे आहे हे गर्दीतल्या एका माणसाला नीट माहीत होतं. तो मागे हाताची घडी घालून उभा होता. लाहाई, न्यांगोमाच्या शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर. पाणी याच मोआ नदीचं होतं. त्यात झाडाची साल उकळलेली होती आणि ते मागच्या पिंपातून बाटल्यांत भरलं जात होतं. हे सगळं त्याला दिसत होतं. पण पुढच्या रांगेत बाटली पोटाशी धरून त्याची बायको येमा बसली होती, म्हणून तो गप्प होता.

प्रेषितांनी येमालाच पेटीपाशी बोलावलं आणि सगळ्यांदेखत मिठी मारली. इबोलातून वाचलेल्या माणसाला गावात कोणी शिवत नव्हतं. साथ संपून दोन वर्षं झाली तरी बायका एका परातीतून भात खाताना येमाला वेगळी वाटी द्यायच्या आणि तिनं रंगवलेलं कापड काठीनं उलटून बघायच्या. नुसत्या त्या मिठीवर हा माणूस निम्मा गाव खिशात घालू शकला असता, असं लाहाईला वाटे.

“आता हे गाल बघा,” प्रेषित येमाची हनुवटी वर करून म्हणाले. “इथं कवटी होती. आता पौर्णिमा आहे. प्रभूची मोहोर अशी चेहऱ्यावर उमटते. आणि विचारा हिला, ही लघवीला बसते तिथं मुंग्या येतात की नाही?”

येमानं लाजून मान हलवली.

“येतात. का येतात? प्रभूनं हिचं रक्त गोड केलं म्हणून. आणि माझं पाणी सोडणाऱ्याचं काय होतं ते म्हाताऱ्या मोमोला विचारा. विचारता येणार नाही, कारण तो मातीखाली आहे.”

मोमोची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. त्याची लेक त्याला दुसऱ्या गावी एका मयताच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीला घेऊन गेली आणि बाटली घरीच विसरली. तिथं म्हाताऱ्याला ओकाऱ्या सुरू झाल्या, अंग गार पडलं आणि तो गेला. पाणी सोडलं, पिल्लू उठलं. याहून मोठा पुरावा कोणाला हवा होता?

पाण्यानं गुण येत होता, ही लाहाईची खरी अडचण होती. येमा गारा नावाचं निळं कापड रंगवायची. कापडाला घड्या घालून ताडाच्या धाग्यानं हजार गाठी मारायच्या, मग निळीच्या रांजणात बुडवायचं, हा तिचा धंदा. इबोलानं तिची आई आणि बहीण नेली, तिला सोडलं. पण मागाहून तिची बोटं सुजली, गुडघे धरले आणि डोळे असे लाल झाले की उन्हात उघडवेनात. गाठ मारता येईना म्हणून ती रडायची. जॉर्डनचं पाणी सुरू केलं आणि पंधरवडा व्हायच्या आत बोटं वळू लागली. आता सहा-सात महिने ती रोज सकाळी अर्धी वाटी पीत होती.

“मनाचा खेळ आहे हा,” लाहाई घरी म्हणाला.

“बरं, मनाचा,” येमा धागा ओढत म्हणाली. “तुमचं मन द्या जरा उसनं, बघू त्यानं गाठ बसते का.”

“आरोग्य केंद्रातल्या बाइंदू सिस्टरकडे तरी चल.”

“गेले होते. तिच्या कपाटात तापाच्या गोळ्या आहेत आणि तोंडात शिव्या. शिव्या फुकट मिळतात म्हणून आणल्या घरी.”

लाहाईला हसू आलं नाही. तो शाळेत मुलांना घेवड्याच्या दोन कुंड्यांचा प्रयोग शिकवायचा: एकीला खत घाला, दुसरीला घालू नका, बाकी सगळं सारखं ठेवा, मग खताचा गुण कळतो. बायकोच्या बाबतीतही तेच करायचं त्यानं ठरवलं. नदीकाठी तीच साल सोललेली झाडं होती. त्यानं ती साल उकळली, रंग जुळवला, कडूपणा जुळवला आणि येमाच्या बाटलीतलं पाणी ओतून देऊन तिथं आपला काढा भरला. रविवारी प्रेषितांच्या सभेला ती ठणठणीत असली की भर गर्दीत उभं राहायचं आणि सांगायचं, बघा, आठवडाभर ही साधी साल पितेय. येमाला त्यानं सांगितलं नाही. सांगितलं तर प्रयोग कसला?

बुधवारी येमा रांजणापाशी खाली बसली ती उठलीच नाही. आधी ओकाऱ्या झाल्या, मग पोटात कळ आली, मग हातपाय गार पडले. लाहाईनं तिला उचललं तेव्हा तिचं डोकं त्याच्या खांद्यावर नुसतं लोंबकळत होतं.

“पिल्लू उठलं,” ती पुटपुटली. “पण मी तर एकही दिवस चुकवला नाही हो. मग का उठलं?”

लाहाई तिला घेऊन आरोग्य केंद्राकडे धावत सुटला.

आरोग्य केंद्र म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि एक बाई. सिस्टर बाइंदूनं येमाचा रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला आणि सलाइन लावली. मग तिनं येमाचा सुजलेला गोल चेहरा बघितला, हातावर रक्त साकळल्याचे निळे डाग बघितले, पोटावरची पातळ कातडी चिमटीत धरून बघितली.

“हिच्या लघवीला मुंग्या लागतात म्हणे?”

“हो.”

“आणि ते पाणी हिनं सोडलं?”

“नाही,” लाहाई म्हणाला. मग त्याला थांबवेना. “मी सोडवलं. तिला न सांगता. साधी साल दिली चार दिवस.”

बाइंदूनं मान वर केली. ती लाहाईच्या आईच्या वयाची होती आणि संताप आला की मास्तरकी बघत नसे.

“गाढवा, त्या पाण्यात नुसती साल असती तर हिचे गाल असे फुगले असते का? त्यात गोळ्या आहेत. स्टिरॉइडच्या. तो भामटा रोज पाजतोय त्यांना. जिल्ह्याच्या इस्पितळात असे चेहरे मी पाहिलेत. इतके महिने घेतल्यावर त्या एकदम बंद केल्या की माणूस असाच कोसळतो. मोमोही असाच गेला असणार. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.”

“मग द्या तुम्ही त्या गोळ्या.”

“कुठून देऊ? कपाट रिकामं आहे, नदी चढलीय, तराफा दोन दिवस बंद आहे.” तिनं सलाइनचा थेंब वाढवला. “औषध गावात एकाच माणसाकडे आहे. जा, बाटली आण. पाया पड नाहीतर नाक घास, पण आण.”

प्रेषित सावरीखाली आरामखुर्चीत बसून तळलेली केळी खात होते. आजूबाजूला नेहमीचे पाचपन्नास भक्त होते. लाहाईला धावत येताना बघून त्यांना सगळं कळलं, आणि त्यांनी आधी बोटं पुसली, मग भोंगा उचलला.

“या मास्तर. पृथ्वी कशी आहे म्हणता तुम्ही मुलांना?”

“बाटली द्या. येमा मरतेय.”

“पृथ्वी कशी आहे?”

“गोल.”

“मग या झाडाभोवती गोल फिरा बघू. गुडघ्यांवर. आणि म्हणा, मी माती आहे, माझी पुस्तकं माती आहेत.”

लाहाई गुडघ्यांवर बसला. चिखलात मुळं वर आलेली होती, ती त्याला टोचत होती. मी माती आहे, माझी पुस्तकं माती आहेत, असं म्हणत तो झाडाला प्रदक्षिणा घालू लागला. त्याचे दोन विद्यार्थी गर्दीत होते, त्यांनी माना वळवल्या. बायकांनी गाणं धरलं. फेरी पुरी झाली तेव्हा प्रेषितांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून बाटली दिली.

“जाताना लक्षात ठेव, तुझ्या बायकोला कोणी वाचवलं ते,” ते म्हणाले.

बाइंदूनं बाटली हलवून तळचा गाळ वर आणला आणि चमच्याचमच्यानं येमाला पाजला. पहिला चमचा उलटून पडला. दुसरा राहिला. उजाडता उजाडता तिचे हात गरम झाले आणि तिनं पाणी मागितलं. दुपारपर्यंत गावभर झालं होतं की नास्तिक मास्तर शरण आला आणि मेलेली बाई उठून बसली. लाहाईला त्याचं काही वाटलं नाही, येमा जिवंत होती.

“पण मग तिचं दुखतं कशानं?” त्यानं ओसरीवर बाइंदूला विचारलं. “पिल्लू नाही म्हणता, मग बोटं कोण खातंय?”

“आपलेच लोक,” बाइंदू म्हणाली. “लढाई आठवते? बंडखोरांना रोखायला गावातल्या पोरांनी नाक्यावर बांबू आडवा टाकला, आपण त्यांना भात नेऊन दिला. बंडखोर गेले. पोरं उठली का तिथून?”

“नाही. वर्षभर आपल्याच बायकांच्या टोपल्या उपसत होती.”

“आणि तुझ्या चुलत्याला मारलं त्यांनीच, शत्रू समजून. अंगाचंही तसंच होतं. विषाणूशी लढायला अंग पहारेकरी उभे करतं. विषाणू मरतो, पण पहारेकऱ्यांना ओळख राहत नाही. सांध्यातलं, डोळ्यातलं आपलंच मांस त्यांना शत्रूसारखं दिसतं. सगळंच कळलंय असं नाही हं, मोठे डॉक्टर अजून शोधतायत. काहींच्या डोळ्यात विषाणूही थोडे दिवस दडून राहतो. पण येमाचं रक्त दोनदा तपासलंय. त्यात इबोला नाही.”

“आणि गोळ्या?”

“पहारेकऱ्यांना झोपवतात. म्हणून तर बोटं सुटतात. औषध खोटं नाही, मास्तर. डॉक्टरही देतात, पण मोजून, लक्ष ठेवून. हा पिंपात खोऱ्यानं ओततो. मग तोंड सुजतं, लघवीत साखर उतरते, जखम भरत नाही. आणि मूत्रपिंडांवर दोन ग्रंथी असतात, संकटात माणसाला उभं ठेवणारा रस तयार करतात, तो रस आयता मिळाला की त्या कामच सोडतात. त्यांना जागं करायचं तर औषध हळूहळू, थोडं थोडं कमी करावं लागतं. एकदम नाही.”

लाहाईनं सगळं ऐकलं. मग आत जाऊन त्यानं येमाला सांगितलं, बाटलीत काय होतं ते आणि आपण काय केलं ते. येमा भिंतीकडे तोंड करून झोपली आणि रविवारपर्यंत त्याच्याशी बोलली नाही.

रविवारी नदीचं पाणी ओसरलं होतं आणि गर्दी दुप्पट होती. प्रेषितांनी मास्तरला साक्ष द्यायला पुढे बोलावलं. लाहाई पुढे आला तो येमाचं एक पांढरं, अजून न रंगवलेलं कापड घेऊन. त्यानं ते पिंपाच्या शेजारी दोन विद्यार्थ्यांना ताणून धरायला सांगितलं.

“मला तळचं पवित्र पाणी हवंय,” तो म्हणाला. “तळाशी देव जास्त असेल.”

लोक हसले. प्रेषित हसले नाहीत, पण शरण आलेल्या माणसाला नाही म्हणायची सोय नव्हती. लाहाईनं तळापर्यंत डबा घातला आणि गढूळ पाणी कापडावर ओतलं. पाणी खाली गेलं. वर सालीचा चोथा राहिला, पांढरा गाळ राहिला, आणि त्यात नीट न कुटलेले गोळ्यांचे तुकडे. एक गोळी तर अर्धी शाबूत होती, मध्ये रेघ असलेली.

“हे जॉर्डनमध्ये पिकतं का?” बाइंदूनं विचारलं.

सुकी मासळी विकणारी तेने पुढे सरकली. ती स्वतः इबोलातून वाचलेली, स्वतः सहा महिने पाणी पिणारी. तिनं तुकडा उचलून उन्हात धरला.

“अगं बाई, ही तर अंग भरायची गोळी,” ती म्हणाली. “सीमेवरच्या बाजारात पोतं पसरून विकतात. लग्नाच्या मुली घेतात, गाल भरावेत म्हणून. माझ्या नणंदेनं घेतली होती.”

आजूबाजूच्या बायकांनी तुकडे हातात घेतले. सगळ्यांनी ती गोळी पाहिलेली होती. बारीक माणूस दिसला की लोकांना साथ आठवायची, म्हणून फुगलेला गाल दिसताच सगळ्यांनी तो आशीर्वाद मानला होता. आणि तो गाल कुठे विकत मिळतो हे सगळ्यांना आधीपासून माहीत होतं.

मग गर्दी फिरली. तोवर प्रेषितांचा कोट होडीत बसला होता आणि होडी मधल्या धारेला लागली होती. माणूस हाती लागला नाही, म्हणून लोक बाटल्यांवर उठले. कोणी पिंपाला लाथ घातली, कोणी दगड उचलले.

“फोडू नका,” लाहाई ओरडत होता. “सोडायचं नाही पाणी. आज रात्रीही प्यायचंय. एकदम सोडलं तर मराल.”

“काल गुडघ्यांवर होतास, आज त्याचाच चेला झालास होय रे?” कोणीतरी म्हणालं, आणि त्याला बाजूला ढकललं.

तेव्हा येमा बाटल्यांच्या मांडणीपुढे जाऊन उभी राहिली. तिनं हात दोन्हीकडे पसरले. पुढचे चारसहा पुरुष हाताच्या अंतरावर थबकले. तिला बाजूला करायचं तर तिला शिवायला हवं होतं. एकाचीही छाती झाली नाही. ज्या भीतीनं तिला दोन वर्षं एकटं जेवायला लावलं, त्याच भीतीच्या जोरावर ती तिथं उभी राहिली, आणि ते लाहाईला बघवत नव्हतं.

उरलेल्या बाटल्या बाइंदूनं केंद्रात नेल्या. ज्याला त्याला ती रोज बोलावून मोजून देई, आणि दर आठवड्याला थोडं कमी करी. तराफा सुरू झाल्यावर जिल्ह्याहून खऱ्या गोळ्या आल्या, डोळ्यांत घालायचे थेंब आले. बोटं पुन्हा दुखू लागली, काहींची जास्तच, पण माणसं उभी राहिली. तेने मात्र केंद्रात आलीच नाही. तिनं त्याच संध्याकाळी घरी जाऊन आपली बाटली उकिरड्यावर ओतली होती. गोळी सगळ्यांत आधी तिनं ओळखली होती, पण तेवढंच तिला कळलं होतं. गुरुवारी तिला पुरलं.

सातव्या दिवशी तेनेच्या अंगणात गाव जमला. प्रेषित आता पलीकडच्या जिल्ह्यात मधुमेह बरा करतो, अशी बातमी कोणीतरी आणली होती. लाहाईनं चार शब्द बोलायची तयारी केली होती, पहारेकऱ्यांचा दाखला देऊन. तो घसा खाकरून उठला.

“बसा मास्तर,” येमा म्हणाली. “आज मी बोलते.”

तो बसला.

“एकानं माझ्या बाटलीत गोळ्या घातल्या आणि मला सांगितलं नाही. दुसऱ्यानं त्या काढून घेतल्या आणि मला सांगितलं नाही. पहिला म्हणाला देव माझ्या बाजूला आहे, दुसरा म्हणाला विज्ञान. मरायची वेळ आली ती माझ्यावर. तेनेलाही नीट कोणी सांगितलं नाही, नुसते ओरडलात.” तिनं सुजलेली बोटं मांडीवर धरली होती. “माझं ऐका. कोणी काही प्यायला दिलं, मग तो कोटवाला असो, सुईवाला असो, नाहीतर आपल्या घरातला, आधी विचारा. यात काय आहे. किती आहे. कशानं गुण येतो. सोडलं तर काय होईल. जो सांगत नाही, त्याच्या हातचं घेऊ नका. आणि जो म्हणेल विचारणं हे पाप आहे, त्याला गावात ठेवू नका.”

कोणी आमेन म्हटलं नाही. कोपऱ्यातल्या एका म्हातारीनं विचारलं, “सिस्टर, माझ्या आजच्या चमच्यात किती गं?” बाइंदूनं सांगितलं. मग दुसऱ्यानं विचारलं, मग तिसऱ्यानं.

त्या म्हातारीचं समाधान झालं नव्हतं. ती लाहाईकडे वळली.

“आणि मास्तर, तुम्ही जी साल उकळून पोरीला पाजलीत, त्यात काय असतं?”

अंगण लाहाईकडे बघू लागलं. येमाही बघत होती, त्यानं खरं सांगितल्यापासून पहिल्यांदाच सरळ त्याच्या डोळ्यांत.

“मला माहीत नव्हतं,” लाहाई म्हणाला. “अजूनही माहीत नाही.”